रंग गेला, पण कुठे गेला? कडुनिंबाच्या अर्कातून बनवलेल्या झिंक ऑक्साइडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, रसायन मात्र होतं तसंच ठेवलं आहे. मुख्य माणसं तीन: पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक आणि कापड रंगवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या मालकीणबाई. मी त्याच विभागात उपकरणांचं काम पाहतो, त्यामुळे यातले बहुतेक नमुने माझ्या नजरेखालून गेले.

विषय सध्या सगळीकडे जोरात असलेला: वनस्पतींच्या अर्कातून धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण बनवायचे आणि त्यांनी पाणी शुद्ध करायचं. त्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. महागडी, विषारी रसायनं लागत नाहीत, पाण्यातच काम होतं आणि साध्या प्रयोगशाळेलाही ते जमतं. त्यामागचं प्रकाशाचं तत्त्वही पक्कं आहे. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन घडवलं, तेव्हापासून अशा अर्धवाहक ऑक्साइडांवर अखंड काम चालू आहे. झिंक ऑक्साइडची ऊर्जा-दरी साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे सुमारे ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन सुटतो, मागे धन रिक्ती राहते आणि पाण्याशी त्यांची गाठ पडून हायड्रॉक्सिलसारखे आक्रमक मूलक तयार होतात. पाण्यातले सेंद्रिय रेणू तोडण्याचं काम हे मूलक करतात.

विद्यार्थिनीची कृती अशी होती. कडुनिंबाची पानं धुऊन सावलीत वाळवायची, पूड करायची, १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पूड घालून ७० अंशांवर अर्धा तास ठेवायची, गाळायची. तांबूस-पिवळा अर्क मिळतो. तो झिंक ॲसिटेटच्या द्रावणात मिसळायचा आणि ढवळत ढवळत थेंबाथेंबाने सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ पर्यंत न्यायचा. साका बसला की सेंट्रिफ्यूज करायचा, धुवायचा आणि ८० अंशांवर वाळवायचा. हातात येते ती फिकट बदामी रंगाची पावडर.

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणाऱ्या चाचणीत, ३१.८, ३४.४, ३६.३ अंशांवरची झिंक ऑक्साइडची नेहमीची शिखरं स्वच्छ आली. वीस अंशांच्या आसपास एक पसरट फुगवटाही होता. काचेच्या होल्डरमुळेही तसा फुगवटा येतो, म्हणून तो कुणी मनावर घेतला नाही.

मग पाण्याची चाचणी. लिटरला १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्लू हा निळा रंग असलेलं १०० मिलिलिटर द्रावण, त्यात १०० मिलिग्रॅम पावडर, वर ३६५ नॅनोमीटरचा दिवा. दर पंधरा मिनिटांनी थोडं द्रावण काढायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरच्या पाण्याचं ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. दोन तासांत पाणी जवळजवळ रंगहीन झालं. शोधनिबंधाचा मसुदा लिहून झाला आणि कारखान्याशी प्रायोगिक टाकीची बोलणीही सुरू झाली.

अडचण

कारखान्यात दाखवायला पांढरी, एकसारखी पावडर हवी म्हणून मार्गदर्शकांनी दुसरी बॅच ४५० अंशांवर मफल फर्नेसमध्ये तापवायला सांगितली. पावडर पांढरीशुभ्र झाली, एक्सआरडीतला फुगवटा गेला, शिखरं आणखी टोकदार झाली. स्फटिक म्हणून पाहिलं तर हा माल आधीपेक्षा सरस होता. पण त्याच चाचणीत दोन तासांनंतरही पाण्यात ठळक निळा रंग शिल्लक होता.

"सर, पावडर तीच आहे. फक्त भट्टीत घातली."

"मग अर्कातले घटक जळाले असणार. तेच तर काम करत होते."

हे वाक्य तेव्हा सगळ्यांना पटलं. ते अर्धं बरोबरही होतं. पण ते खरं मानलं, तर मसुद्यातला मुख्य दावाच अडचणीत येत होता. दावा होता की रंग प्रकाशउत्प्रेरणाने, म्हणजे प्रकाश पडलेल्या झिंक ऑक्साइडमुळे तुटतो. काम पानांतले घटक करत असतील, तर झिंक ऑक्साइड नेमकं काय करत होतं?

मसुद्यात आणखी एक वाक्य होतं आणि ते या क्षेत्रात इतक्यांदा छापून येतं की त्यावर थांबायला हवं: "अर्कातील पॉलिफेनॉल झिंकच्या क्षाराचे क्षपण करून झिंक ऑक्साइड बनवतात." चांदीच्या किंवा सोन्याच्या नॅनोकणांबाबत हे बोलता येतं, कारण तिथे धन आयनाला इलेक्ट्रॉन मिळून, म्हणजेच क्षपण होऊन, धातू बनतो. झिंक ॲसिटेटमध्ये झिंक अधिक दोन (+२) या भारावर असतं आणि झिंक ऑक्साइडमध्येही अधिक दोनवरच. क्षपण होण्यासारखं तिथे काही नाहीच. साका बसवला तो सोडियम हायड्रॉक्साइडने. आधी हायड्रॉक्साइड, मग त्यातून पाणी निघून ऑक्साइड. पानांचे घटक झिंकला धरून ठेवू शकतात, कणांच्या वाढीला आवर घालू शकतात, कणांवर थर बनून बसू शकतात. ही भूमिका लहान नाही, पण ती वेगळी आहे. भूमिका चुकीची लिहिली की पुढचे प्रयोगही चुकीच्या दिशेने आखले जातात, आणि इथे तसंच होऊ घातलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: न तापवलेल्या बॅचची आकडेवारी होती तशी पाठवायची. मार्गदर्शकांचा कल सुरुवातीला इकडे होता आणि त्यांचा मुद्दा फेटाळण्यासारखा नव्हता. "पाणी स्वच्छ झालं ना? रंग तुटला काय किंवा पावडरला चिकटला काय, काढला तर गेला." अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवून काढणं, ही जलशुद्धीकरणाची मान्यताप्राप्त पद्धतच आहे. पण मग तुलना सक्रिय कोळशाशी करावी लागते. इथे १ मिलिग्रॅम रंगासाठी १०० मिलिग्रॅम पावडर घातली होती. ग्रॅममागे १० मिलिग्रॅम रंग धरून ठेवला की झालं, चाचणी उत्तीर्ण. चांगला सक्रिय कोळसा मेथिलीन ब्लू ग्रॅमला शेकडो मिलिग्रॅम धरतो. शिवाय अधिशोषक भरतो. भरला की त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

दुसरा पर्याय: दुसरी वनस्पती घेऊन पाहायची. हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट मार्ग होता, कारण नवी वनस्पती घेतली की जुना प्रश्न अनुत्तरित राहून नवा ढीग तयार होतो. या विषयातल्या पुष्कळशा लिखाणाचं असंच झालं आहे. पानं बदलतात, चाचणी तीच राहते.

तिसरा पर्याय: कारखान्यात छोटी टाकी लावून प्रत्यक्षच पाहायचं. मालकीणबाई तयार होत्या. त्यांच्यावर सांडपाण्याच्या रंगाचा दबाव होता आणि त्यांना वाट पाहायची नव्हती.

चौथा पर्याय: मसुदा बाजूला ठेवायचा आणि आधीच करायला हव्या होत्या त्या कंट्रोल चाचण्या आता करायच्या. यात विद्यार्थिनीचं सत्र जाणार होतं. तिच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. शिष्यवृत्तीचा अहवाल त्या निबंधावर अवलंबून होता.

पारडं फिरलं ते एका सेंट्रिफ्यूज ट्यूबमुळे. विद्यार्थिनी जुन्या बॅचचे वापरलेले नमुने टाकून द्यायला निघाली होती. ट्यूबमधलं वरचं पाणी स्वच्छ होतं. तळाशी बसलेली, मुळात बदामी असलेली पावडर गडद निळी होती. तिने ती इथेनॉलमध्ये ढवळली आणि इथेनॉल निळं झालं. इतके दिवस प्रत्येक जण वरचं पाणीच क्युव्हेटमध्ये, म्हणजे शोषण मोजायच्या पारदर्शक नळीत, भरत होता. ट्यूब घेऊन ती मार्गदर्शकांच्या टेबलाशी गेली, त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि चौथा पर्याय ठरला. त्यांनी तो निर्णय तिथल्या तिथे घेतला आणि अहवालाला मुदतवाढ मागणारं पत्र स्वतः लिहिलं. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

काय केलं

सगळ्यात आधी अंधारातली चाचणी. दिवा बंद, बाकी सगळं तेच. न तापवलेल्या पावडरने अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त रंग अंधारातच ओढून घेतला. तापवलेल्या पावडरने अंधारात जवळजवळ काहीच घेतलं नाही, पण दिवा लावल्यावर रंग संथपणे, न थांबता कमी होत गेला.

याचं कारण पृष्ठभागाच्या विद्युतभारात आहे आणि ते आधीच ओळखता आलं असतं. झिंक ऑक्साइडचा शून्यभार बिंदू पीएच ९ च्या आसपास आहे. त्याखाली, म्हणजे साध्या पाण्यात, त्याचा पृष्ठभाग धनभारित असतो. मेथिलीन ब्लू हाही धनभारित रंग. शुद्ध झिंक ऑक्साइडने तो ओढून घेण्याचं कारणच नव्हतं. ओढणारी गोष्ट वेगळी होती: कणांवर उरलेले पानांचे सेंद्रिय घटक, ज्यांचे कार्बॉक्सिल आणि फेनॉल गट धनभारित रंगाला धरतात. उष्माभारमापनात, म्हणजे तापमान वाढवत वजन मोजण्याच्या चाचणीत, न तापवलेल्या पावडरचं वजन २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान ठळक घटलं. एक्सआरडीतला तो फुगवटा निदान पूर्णपणे काचेचा नव्हता.

दुसरी शंका क्षपणाची. मेथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की तो रंगहीन रूपात जातो, तुटत नाही; हवा लागली की निळा परत येतो. पानांच्या अर्कात क्षपण करणारे पदार्थ असतात, त्यामुळे हे तपासणं भाग होतं. रंगहीन झालेलं पाणी हवेत जोरात हलवून ठेवलं. निळा परत आला नाही. ही शक्यता बाद झाली.

तिसरी गोष्ट जुळी बॅच. तेच झिंक ॲसिटेट, तोच सोडियम हायड्रॉक्साइड, तेच तापमान, तेच धुणं, फक्त अर्काच्या जागी साधं पाणी. या एका प्रयोगाने जितकं कळलं तितकं बाकी सगळ्यांनी मिळून कळलं नाही. पानांशिवायही झिंक ऑक्साइड तयार झालं, एक्सआरडीतली शिखरं तीच आली. दोन्ही बॅचेस ४५० अंशांवर तापवून दिव्याखाली ठेवल्या, तेव्हा पानांची बॅच थोडी सरस ठरली. शिखरांच्या रुंदीवरून स्फटिकांचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने पाहता तिचे स्फटिक लहान होते, वायूच्या अधिशोषणाने मोजलेलं पृष्ठफळ जास्त होतं. वेगाला पृष्ठफळाने भागलं की फरक उरला नाही. म्हणजे पानांनी कणांना वाढू दिलं नाही, एवढंच त्यांचं काम. ते खरं काम आहे, मोजता येणारं आहे आणि लिहिण्याजोगंही आहे.

मग टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन. तापवलेल्या पावडरने रंग घालवला तरी कार्बन त्या मानाने खूपच हळू उतरत होता. ६६४ नॅनोमीटरचं शिखर गेलं म्हणजे रेणूचा रंग देणारा भाग मोडला. त्याचे तुकडे पाण्यातच होते. न तापवलेल्या पावडरच्या बाबतीत तर टीओसी सुरुवातीला वाढलेला दिसला, कारण पावडरमधूनच पानांचे घटक पाण्यात उतरत होते. पाणी शुद्ध करायला घातलेली वस्तू पाण्यात सेंद्रिय भार वाढवत होती.

शेवटी झिंक. झिंक ऑक्साइड उभयधर्मी आहे: आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीतही विरघळतं, आणि साध्या पाण्यातही लिटरला काही मिलिग्रॅमपर्यंत आयन सोडू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने झिंकसाठी आरोग्याधारित मर्यादा घातलेली नाही, पण लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी चवीला लोकांना नकोसं होऊ शकतं असं म्हटलं आहे. मासे आणि इतर जलचर झिंकला माणसापेक्षा खूप जास्त संवेदनशील असतात. इथे मोजमापाची एक बारीक गोष्ट आहे. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जे पार होतं त्याला 'विरघळलेलं' म्हणायची पद्धत आहे, पण ०.४५ मायक्रॉन म्हणजे ४५० नॅनोमीटर. नॅनोकण त्यातून सहज जातात. म्हणून अतिसूक्ष्म पडद्याची गाळणी वापरून आयन आणि कण वेगळे मोजले. प्रक्रिया केलेल्या पाण्यात दोन्ही सापडले.

कारखान्याचं पाणी

हे सगळं होईपर्यंत कारखान्याच्या सांडपाण्याचा एकही नमुना प्रयोगशाळेत आलेला नव्हता. आता मागवला. नमुना आला आणि उरलेला प्रश्न बराचसा निकाली निघाला.

तिथे सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवत. या रंगांना पाण्यात विरघळवतात त्यांच्यावरचे सल्फोनेट गट, म्हणजे हे रंग ऋणभारित. मेथिलीन ब्लूच्या नेमके उलट. रंग कापडावर बसावा म्हणून मीठ भरपूर घालतात आणि पक्का व्हावा म्हणून सोडा ॲश. सांडपाणी निघालं ते पीएच ११ च्या आसपास. त्या पीएचला झिंक ऑक्साइडचा पृष्ठभागही ऋणभारित, पानांचे घटकही ऋणभारित आणि रंगही ऋणभारित. चिकटणार कोण कुणाला? त्यात कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच खाऊन टाकतं. पाणी इतकं गडद की अतिनील प्रकाश वरच्या थरातच संपतो. न तापवलेल्या पावडरने या पाण्याला जवळजवळ स्पर्शच केला नाही. तापवलेलीने बरंच पातळ केलेल्या नमुन्यात थोडा फरक दाखवला.

आणखी एक अडचण मालकीणबाईंच्या साध्या प्रश्नातून कळली. "सोडण्याआधी आम्ही त्यात आम्ल घालतो, मग तुमची पावडर राहील का?" पीएच उतरवताना जिथे आम्लाची धार पडते तिथे क्षणभर पाणी चांगलंच आम्लधर्मी होतं, आणि तिथे झिंक ऑक्साइड विरघळणार हे उघड होतं. रंग काढायला गेलो आणि झिंक सोडून आलो, असा तो प्रकार झाला असता.

परिणाम

कारखान्याला स्पष्ट नकार कळवला, कारणांसह, दोन पानी पत्रात. मालकीणबाईंनी साका बसवून रंग काढण्याच्या प्रचलित पद्धतीकडे आणि त्यानंतरच्या जैविक प्रक्रियेकडे जायचं ठरवलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यांचा वेळ गेला, पैसा मात्र टाकीत गेला नाही.

शोधनिबंध छापून आला, पण वेगळ्या मथळ्याने. 'जलशुद्धीकरणासाठी हरित प्रकाशउत्प्रेरक' हे शब्द गेले. अर्काचा स्फटिकांच्या वाढीवर होणारा परिणाम आणि कणांवर उरलेल्या सेंद्रिय घटकांमुळे मेथिलीन ब्लूची चाचणी कशी फसवते, हे दोन विषय राहिले. जुळ्या बॅचची आकडेवारी मुख्य मजकुरात आहे, पुरवणीत नाही. मार्गदर्शकांना हा निबंध आधीच्यापेक्षा लहान वाटतो. मला तो आधीच्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहता येतं.

काय वेगळं करता आलं असतं

कारखान्याशी बोलणी सुरू झाली त्याच दिवशी सांडपाण्याची एक बाटली मागवायला हवी होती. पीएच, क्षार, रंगाचा प्रकार आणि टीओसी मोजायला फार वेळ लागत नाही. रंग ऋणभारित आहे एवढं कळलं असतं तरी मेथिलीन ब्लू हा नमुना म्हणून निवडला गेला नसता. हा रंग स्वस्त आहे, डोळ्यांना दिसतो आणि प्रकाशउत्प्रेरक पृष्ठभागांच्या चाचणीसाठी आयएसओच्या २०१० च्या १०६७८ क्रमांकाच्या मानकातही आहे, म्हणून तो हाताशी येतो. पण मानकातल्या चाचणीत रंग आधी अंधारात स्थिरावू देतात, ती पायरी इथे गळली होती.

पानांचा साठाही एकदाच, एका झाडावरून, पुरेसा करून ठेवायला हवा होता. पहिल्या बॅचला जून पानं होती, पुढच्या काही बॅचेसना कोवळी तांबूस पालवी आली. अर्काचा रंगच वेगळा दिसत होता. दोन बॅचेसमधला किती फरक भट्टीचा आणि किती पानांचा, हे वेगळं करायला नाहक प्रयोग करावे लागले.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 'हरित' या शब्दाचा हिशेब, आणि तो अजून पुरा झालेला नाही. १९९८ मध्ये अनास्टास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची जी १२ तत्त्वं मांडली, त्यात पहिलंच तत्त्व आहे की कचरा मुळात होऊ देऊ नये. या कृतीत सोडियम हायड्रॉक्साइड तेवढंच लागतं जेवढं पानांशिवाय लागतं. भट्टीही ४५० अंशांवरच चालते, आणि तिथे पानांचे घटक जळून जातात. धुण्याला तर पानांच्या बॅचमध्ये जास्त पाणी लागतं, कारण अर्काचे अवशेष साक्याला धरून बसतात आणि वरचं पाणी बराच वेळ पिवळट येत राहतं. विद्यार्थिनीने आता प्रत्येक बॅचच्या नोंदीत धुण्याचं पाणी आणि भट्टीचे तास यांचे दोन रकाने वाढवले आहेत. आजच्या घडीला त्या रकान्यांत पानं नसलेली जुळी बॅच पुढे आहे. अर्कामुळे स्फटिक लहान राहतात हे खरं असेल, तर पृष्ठफळ तेवढंच ठेवून पावडरची मात्रा कमी करता येते का, आणि ४५० ऐवजी कमी अंशांवर पण जास्त वेळ तापवून सेंद्रिय थर घालवता येतो का, हे दोन प्रयोग तिने लावले आहेत. दोन्हींच्या शेजारी जुळी बॅच आहे.